एक आड एक रविवार

४ जानेवारी २०२६, रविवार

गणपतीनंतर या वहीत एक ओळ लिहिलेली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागते. ‘वेळ नव्हता’ असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. दुरुस्ती: वेळ होता. लिहायला बसलं की एकच नाव पुढे यायचं, आणि ते नाव मला या वहीत नको होतं.

आता लिहूनच टाकते. मनस्वी.

वय छत्तीस. मूळची नाशिकची. दोन वर्षांपूर्वी उलव्यात फ्लॅट घेऊन राहायला आली. समुद्र पहिल्यांदा शाळेच्या सहलीत बघितला, हे तीच हसत हसत सांगते. आमच्या मोरखोलच्या किनाऱ्यावर उलव्याच्या टॉवरांमधली माणसं मुलांना घेऊन येऊ लागली तेव्हा तिने त्यांचा ग्रुप काढला. पाणी तपासायच्या पट्ट्या मागवल्या. एक आड एक रविवारी ती पाणी तपासते आणि मोबाइलवर व्हिडिओ टाकते: आज पोहायला हरकत नाही, आज लहान मुलांना कडेलाच खेळवा. ग्रामपंचायतीने तिच्या सांगण्यावरून दोन महिन्यांत किनाऱ्यावर फलक लावला. हिरवा, पिवळा, लाल झेंडा आणि खाली तिचा नंबर.

मोरखोल माझं माहेर. बाबा तिथल्या मिठागरात होते. मी बीएस्सी केमिस्ट्री, कळंबोलीच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं पाणी तपासते. गेली अकरा वर्षं महिन्यातून दोनतीनदा मोरखोलचं पाणी स्वतःसाठी बघते: रंग, वास, तिथी, भरती की ओहोटी. चार वह्या भरल्यात. सहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला सात पानांचं पत्र दिलं होतं. पोच मिळाली.

आज जेवताना माझा नवरा परेश म्हणाला, “किती सोपं करून सांगते गं ती. आपल्यासारख्या माणसालाही कळतं.”

मी भात वाढत राहिले. त्याला आणखी भात नको होता.

११ जानेवारी

लॅबचं काम तुंबलंय. भाविका आता मनस्वीच्या ग्रुपमध्ये ‘स्वयंसेवक’ आहे. आठवीतली मुलगी. शिट्टी, नारिंगी टोपी. घरात टोपी काढत नाही.

“आई, मनस्वीमावशी म्हणते, पाण्याला वाचता यायला हवं.”

मी म्हटलं, “तुझ्या आजोबांना यायचं.”

“मग त्यांनी व्हिडिओ का नाही केले?” तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं. तरी मी तिला ताटली विसळायला पाठवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

सोसायटीत हळदीकुंकू झालं. प्रमुख पाहुणी मनस्वी. आमच्या सोसायटीला पाहुणी आणायला उलव्यापर्यंत जावं लागलं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते.

वाण म्हणून तिने काय वाटावं? पाणी तपासायच्या पट्ट्या. छोट्या कागदी पाकिटात, वर तिळगुळाची वडी चिकटवलेली.

दमयंतीकाकू म्हणाल्या, “अगं, आधी वडी खायची की आधी पट्टी बुडवायची?”

“काकू, वडी खाऊन पाणी प्यायचं, मग पट्टी बुडवायची. उरलात तर फोन करा!” मनस्वी म्हणाली, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. चांगला होता विनोद. हे लिहायला मला त्रास होतोय म्हणूनच लिहितेय.

मग तिने भाषण केलं. मधेच थांबून मला उभं केलं. “खऱ्या तज्ज्ञ इथे बसल्यात. रंजिताताई. मी पट्टीवाली, ताई लॅबवाल्या. जंतूंची तपासणी पट्टीवर होत नाही, त्याला अठ्ठेचाळीस तास लागतात, हे मला ताईंनी शिकवलं.” बायकांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे बघू लागल्या.

घरी येताना वाटलं, हिने माझा चमच्यासारखा उपयोग केला. आपलं भाषण ढवळलं आणि ठेवून दिलं बाजूला.

निघताना तिने मला जिन्यात गाठलं होतं. “ताई, माझा तक्ता एकदा बघाल? तुमच्या वह्याही मला बघायच्यात. भाविका सांगते, अकरा वर्षांच्या आहेत. खूप आहे हो ते.” मी म्हटलं, बघू. माझ्या वह्या तिला कशाला हव्यात, ते मला न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही.

१८ जानेवारी, रविवार, अमावास्या

मनस्वीने तक्ता पाठवला. सोबत निरोप: २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर, साडेदहाला, मोरखोलला ‘पहिलं पाऊल पाण्यात’. समुद्रात कधीच न उतरलेली मुलं मोठ्यांचा हात धरून छातीइतक्या पाण्यात जाणार. साठ नावं आलीत. आजचं पाणीही हिरव्या झेंड्याचं. शेवटी: “ताई, एकदा नजर घाला, चुका काढा, प्लीज.”

नजर घातली. चूक दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

२१ डिसेंबर, ४ जानेवारी, १८ जानेवारी. मधल्या रविवारी ती नाशिकला आईवडिलांकडे असते, म्हणून एक आड एक. वेळ बाराची, कारण मुलं तेव्हा येतात. आता तिथ्या लावायच्या. बाबा शिकवायचे तसं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला बारा. अष्टमीला सहा.

तिचे तिन्ही रविवार अमावास्या-पौर्णिमेला लागून. म्हणजे तिन्ही वेळा उधाण आणि तिन्ही वेळा ऐन भरती. बाहेरचं मोठ्या समुद्राचं पाणी आत आलेलं असतं तेव्हाच ती बाटली बुडवते. एक आड एक रविवार म्हणजे पंधरवडा, आणि चंद्राचाही पंधरवडाच. उन्हाळ्यापर्यंत असंच चालू ठेवलं तरी तिला स्वच्छच पाणी मिळत राहील.

मधल्या अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस असतात. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खाडीतून आलेलं नाल्याचं पाणी किनाऱ्यालगत साचतं, आणि थंडीत त्यावर शेवाळ धरतं. तेव्हाचा एकही आकडा तिच्या तक्त्यात नाही.

२६ जानेवारीला अष्टमी आहे. भरती सकाळी सहाला. साडेदहाला पाणी उतरत असणार.

हे कळल्यावर मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. आनंद झाला.

१९ जानेवारी

अजून कळवलेलं नाही. तक्त्यावरून मी फक्त अंदाज केलाय. मोरखोलचं सध्याचं ओहोटीचं पाणी मी बघितलेलं नाही. नमुना न घेता बोलणं माझ्या शिस्तीत बसत नाही. हे खरं आहे. पूर्ण खरं आहे का, ते उद्या बघेन.

२२ जानेवारी, गुरुवार, माघी गणपती

लॅब दुपारी उघडणार होती. स्कूटीने मोरखोलला गेले. चतुर्थी, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमाराला. पावणेनऊला पोचले.

खाडीच्या तोंडापासून किनाऱ्याच्या मध्यापर्यंत पाण्यावर हिरवट साय होती. पिठल्यावर धरते तशी. वास अंड्यासारखा. दोन बोय मासे पोट वर करून पडलेले. सगळं हिरवं पाणी वाईट नसतं, हे मी नेहमी सांगते. पण हे चांगलं नव्हतं.

साळू गुडघाभर पाण्यात शिंपल्या वेचत होती. वाडीवरची साळू. एरवी वीटभट्टीला जाते, काम नसेल तेव्हा इथे. सोबत तिची सात वर्षांची सोनम, डोक्यावर पाटी घेऊन.

“बाई, बाटलीत काय नेताव?”

“पाणी.”

“पानी दोन दिस झालं असंच हाय. पायाला खाज सुटते नुसती.” तिने पाय वर करून दाखवला. पोटरीवर लाल पुरळ. “बाई, ही सोमवारी पवाला जानार हाय. मॅडमनी बोलावलंय. फुकाट. नवा ड्रेसपन दिलाय. चालंल ना पानी?”

सोनम माझ्याकडे बघत होती. समोरचा एक दात पडलेला.

मी म्हटलं, “तपासून सांगते.”

दुपारी लॅबमध्ये नमुना लावला. सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचे फुगे, शेपूट असलेले, एकमेकांना खेटून. जंतूंचा निकाल शनिवारी दुपारी.

पाण्याच्या चौथ्या वहीत नोंद केली: २२ जाने., माघ शुद्ध चतुर्थी, ओहोटी ८.५०, हिरवी साय, मृत मासे २. लॅबमध्ये मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. खोडरबर नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही.

२३ जानेवारी

मनस्वीचा फोन.

“ताई, बघितलात का तक्ता?”

“बघते. वेळ मिळाला की.”

“घाई नाही हो. म्हणजे, आहे थोडी. मला एकटीला भीती वाटते. सगळे माझ्यावर विसंबतात आणि मला काहीच येत नाही, असं वाटतं कधीकधी.”

“असं काही नाही,” मी म्हटलं.

मी तक्ता पाच दिवसांपूर्वीच बघितला होता. ‘बघते’ हा शब्द खोटा होता. निकाल हातात नसताना घबराट पसरवायची नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

दुरुस्ती: एवढंच नव्हतं. तिला भीती वाटते हे ऐकून मला बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ वाटत राहिलं.

२४ जानेवारी, शनिवार

निकाल आला. आंघोळीच्या पाण्याला जेवढे जंतू चालतात त्याच्या बारापट.

एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. निदान तीन हवेत. खाजगी नमुन्याचा निकाल लॅबच्या नावाने सांगता येत नाही, त्याला सही लागते, सर रजेवर आहेत. तोपर्यंत पाणी बदलूही शकतं.

वरची चारही वाक्यं बरोबर आहेत. चारही एकामागोमाग वाचली की मला घाण वाटते. का, ते कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

भाविकाला सांगितलं, उद्या मोरखोलला जायचं नाही.

“का?”

“सर्दी आहे तुला.”

“मला? सर्दी?” तिने जोरात श्वास घेऊन दाखवला, आत आणि बाहेर. “आई, मी बाराजणांची लीडर आहे!”

“एकदा सांगितलं ना.”

परेश मधे पडला. “पोरीचा हिरमोड का करतेस? मनस्वी आहे ना तिथे. आणि त्या मुलांना सांभाळायला कोणीतरी हवंच.”

मनस्वी आहे ना तिथे! मी म्हटलं, “मग त्या मनस्वीलाच ठेवून घ्या घरी.” भाविका घाबरून बघत राहिली. परेश टीव्हीचा आवाज वाढवून बसला. अठरा वर्षांत मी असं कधी बोललेले नाही.

माझी मुलगी पाण्यात उतरणार नाही, एवढी व्यवस्था मी केली. उद्या सकाळी मनस्वीला फोन करून सांगेन, नीट, शांतपणे. साडेदहापर्यंत भरपूर वेळ आहे.

२६ जानेवारी, सोमवार

फोन केला नाही. आठला हातात घेतला, मग म्हटलं झेंडावंदन चालू असेल. नऊला म्हटलं ती गाडी चालवत असेल.

पावणेदहाला भाविका शाळेतून यायला हवी होती. तिच्या मैत्रिणीच्या आईला फोन लावला. “अहो, दोघी थेट मोरखोलला गेल्या. आमच्या ह्यांनी सोडलं. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मग स्कूटी काढली. साठ मुलांसाठी नाही, एका मुलीसाठी. हे इथे स्वच्छ लिहून ठेवते, कारण बाहेर आज सगळे वेगळं बोलत होते.

मनस्वीला फोन लागत नव्हता. गव्हाण फाट्याला कंटेनर आडवा. पोचायला दहा पन्नास झाले. किनाऱ्यावर तिरंगी फुगे, टेबलावर जिलेबी, हिरवा झेंडा. पाण्यावर साय. कोणीतरी ते बघून मुलांना सांगत होतं, “बघा, निसर्गाचा हिरवा रंग, झेंड्यातला!” पहिली तुकडी पाण्यात गेलेली, वीसेक मुलं, मोठ्यांचे हात धरून. भाविका नारिंगी टोपी घालून छातीपर्यंत आत. तिच्या हातात सोनमचा हात.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. चपला घालूनच पाण्यात शिरले.

मनस्वीने एक शब्द विचारला नाही. माझा चेहरा बघितला आणि शिट्टी मारली. “सगळे बाहेर! आत्ता! पाणी तोंडात घ्यायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत!” ती स्वतः मात्र आत धावली आणि दोनदोन मुलं काढत राहिली. स्वतःच्या हाताने हिरवा झेंडा उतरवून लाल लावला. गोड्या पाण्याचा टँकर मागवून एकेकाला धुतलं. काही आईबाप चिडले होते. “एवढ्या लांबून आलोय आम्ही! आधी नाही का कळत?” ती म्हणत राहिली, “चूक माझी आहे. माझी चूक आहे.”

तक्त्यातली चूक मी तिला तिथेच सांगितली. ओली, वाळूत उभी राहून, तिथी, पाऊणपट, उधाण, भांग, आणि शेवटी माझ्या नमुन्यातले बारापट जंतू. ती ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे मी दर वेळी एकाच खिडकीतून बघत होते.” मग म्हणाली, “ताई, तुम्ही नमुना कधी घेतलात?”

“काल.”

शब्द माझ्या तोंडातून गेला. मी तो आधी ठरवला नव्हता. दुरुस्ती: ठरवला नव्हता असं मला वाटतं.

तिने माझे दोन्ही हात धरले. “एका दिवसात केलंत तुम्ही हे.”

भाविकाच्या मानेवर पुरळ उठलंय. बाकी ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही.

संध्याकाळी मनस्वीचा व्हिडिओ आला. चूक माझी, मुलं वाचली ती रंजिताताईंमुळे, असं चेहऱ्यावर पावडर न लावता, सुजलेल्या डोळ्यांनी. परेशने तो तीनदा लावला. “बघ, बघ, काय म्हणतेय तुझ्याबद्दल.” दमयंतीकाकू वाटी घेऊन वर आल्या. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो आहे. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी तो फोटो चार वेळा बघितला. मग पाण्याची चौथी वही काढली आणि २२ तारखेचं पान फाडलं. नव्या पानावर तीच नोंद केली, २५ तारखेने. उरलेल्या नमुन्याची बाटली घरी फ्रिजमध्ये आणून ठेवली होती, तिचं लेबलही बदललं. ओहोटीची वेळ सप्तमीप्रमाणे हिशोब करून घातली, म्हणजे कोणी ताडून बघितलं तरी जुळेल. खोटं बोलतानाही मी पाऊणपट केली.

२८ जानेवारी

सोनमला काल रात्रीपासून जुलाब. आज सकाळी पनवेलच्या सरकारी दवाखान्यात आणलं. आणखी चार मुलांची पोटं बिघडलीत, ती घरीच औषधावर बरी आहेत. सोनमला सलाईन लावलंय.

लॅबमधून परस्पर गेले. मनस्वी सकाळपासून तिथेच होती. साळू जमिनीवर बसलेली, मला बघून उठली.

“बाई, तुमी आलाव म्हनून. नायतर पोर आनखीन आत गेली असती.”

सोनमचे ओठ सुकलेले. माझ्याकडे बघून तिने ओळख दाखवली आणि हळूच म्हणाली, “बाटलीवाली.”

साळू मनस्वीला म्हणाली, “ह्या बाईंनाच म्या इचारलं व्हतं, गनपतीच्या दिसाला. बाटलीत पानी भरत व्हत्या. चालंल का पानी म्हनून. तपासून सांगते, म्हनाल्या.”

मनस्वी सलाईनच्या नळीकडे बघत होती. “दिवस चुकला असेल हो साळूताई,” ती म्हणाली. “रविवार असेल.”

“गनपतीचाच व्हता. वाडीवर परसाद वाटला व्हता.”

“असू दे. तुम्ही चहा घेतलात का? चला, खाली जाऊ.” ती साळूला घेऊन गेली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

वाचले. मनस्वीच्या काही लक्षात आलं नाही. ती साधी आहे.

३० जानेवारी

सोनमला आज घरी सोडलं. अशक्त आहे, पण भाकरी मागितली म्हणे.

भाविका बोलायला लागली. पहिलंच वाक्य: “आई, फ्रिजमधल्या बाटलीवर आधी बावीस तारीख होती.”

मी म्हटलं, “तुला नीट दिसलं नसेल.”

ती म्हणाली, “हो का,” आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळूच लावून घेतलं.

त्यानंतर दिवसभर एकच आकडा डोक्यात. अठ्ठेचाळीस. जंतूंच्या तपासणीला अठ्ठेचाळीस तास लागतात. पंचवीसला घेतलेल्या नमुन्याचा निकाल सव्वीसला येऊच शकत नाही. हे मनस्वीला ठाऊक आहे. मीच शिकवलंय तिला. हळदीकुंकवाला तिने ते साठ बायकांसमोर सांगितलं होतं.

म्हणजे ‘एका दिवसात केलंत तुम्ही हे’ म्हणून तिने माझे हात धरले तेव्हा तिला कळलं होतं का? की नंतर, व्हिडिओ करताना? की दवाखान्यात? माहीत असूनही तिने ‘रविवार असेल’ म्हटलं. माझ्यासाठी. साळूसमोर.

मी तिला ‘साधी’ लिहिलंय. दुरुस्ती काय करावी ते सुचत नाही.

आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटतोय. आता तिच्या व्हिडिओंचा, फलकाचा नाही. ‘चूक माझी आहे’ हे चार माणसांसमोर म्हणून ती उभी राहू शकली, त्याचा. तिची चूक न कळता झालेली होती. माझी कळून सवरून, लेबल लावून, वेळ नोंदवून.

३१ जानेवारी, शनिवार

दुपारी मनस्वीचा फोन. मला वाटलं आता विचारणार. नाही विचारलं.

“ताई, सोमवारी संध्याकाळी येऊ का? तुमच्या वह्यांचे फोटो घ्यायचेत. नवा तक्ता तिथीवर लावायचा ठरलंय. भांगाचे दिवस सगळे लाल, ओहोटीची वेळ वेगळी. साळूताईंनाही विचारणारे मी, त्या रोज असतात पाण्यात. फलकावर तुमचं नाव येईल, आधी. माझं खाली.”

“माझं कशाला,” मी म्हटलं.

“कारण तुमचं आहे ते.” मग म्हणाली, “चारही वह्या हव्यात ताई. शेवटचीसुद्धा.”

“देते.”

“घाई नाही. पण जसं आहे तसं द्या. चुका असल्या तरी चालतील.”

फोन ठेवला. चौथी वही काढून मांडीवर घेतली. पान फाडलेल्या जागी शिवणीला दातेरी कड राहिलीय, बोटाला लागते. फाडलेलं पान टाकलं नव्हतं. या दैनंदिनीत, मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवलंय. का ठेवलं होतं, ते आता उगाच चांगलं कारण देऊन लिहिणार नाही.

वाडीवर जायला किनाऱ्यावरून पायवाट आहे. साळूला मी ‘तपासून सांगते’ म्हटलं होतं. ते सांगणं अजून राहिलंय. पण तिच्यासमोर जाताना हातात वही हवी आणि वहीत ते पान हवं. नाहीतर मी पुन्हा काहीतरी बरोबर वाक्य बोलेन.

फाडलेलं पान काढून शेजारी ठेवलं. नव्या पानावरच्या २५ वर एक रेघ मारली. वर लिहिलं २२. बाजूला सही केली. सही नीट आली नाही, पण माझीच आहे.

भाविकाने दारातून बघितलं. थोड्या वेळाने येऊन शेजारी बसली आणि कडेवरून बोट फिरवलं. “हे पान परत बसेल का?” तिने विचारलं.

“बसेल. पण दिसेल.”

“दिसू दे की.”

घरातला डिंक वाळून खडा झालाय.

उद्या: सकाळी दुकान उघडल्या उघडल्या डिंक आणणे.